इंग्रजीतलं हरवलेलं ‘तू’

इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’, तिथं अरे-तुरे आणि अहो-जाहो असा भेदच नाही, असं आपण सर्रास म्हणतो. जुन्या नाटकात किंवा चर्चच्या प्रार्थनेत ‘दाऊ’ दिसला, की तो फार मानाचा शब्द असावा असंही वाटतं. यातला पहिला समज अर्धाच खरा आहे, दुसरा तर चक्क उलटा.

‘दाऊ’ म्हणजे सरळ ‘तू’. जुन्या इंग्रजीत तो एकासाठी होता. अनेकांसाठी होता ‘यी’, आणि ‘यू’ हे त्याचंच विभक्तिरूप. तेराव्या शतकापासून, बहुधा फ्रेंच दरबारी वळणानं, एकट्या मोठ्या माणसालाही अनेकवचन लावू लागले. आपण ‘तुम्ही’ म्हणतो तसंच. मग ‘दाऊ’ उरला घरच्यांसाठी, नोकरांसाठी आणि पाणउताऱ्यासाठी. त्याचं क्रियापदही झालं, अर्थ ‘अरे-तुरे करणे’! १६०३ साली विंचेस्टरला दर्यावर्दी दरबारी वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला. सरकारपक्षाच्या एडवर्ड कोकनं भर कोर्टात त्याला ‘दाऊ’ म्हटलं, वर ‘मी तुला अरे-तुरेच करतोय’ हेही सुनावलं.

क्वेकर पंथीयांनी याच शतकात उलटा हट्ट धरला. माणसं सगळी सारखी, तेव्हा न्यायाधीशालाही ‘दाऊ’. त्यापायी त्यांनी मार खाल्ला. थॉमस एलवुड हा तरुण क्वेकर झाला आणि घरात बापालाच ‘दाऊ’ म्हणू लागला, तेव्हा बापानं दात घशात घालण्याची धमकी दिली.

मग भारदस्तपणा आला कुठून? १६११च्या बायबलातून. त्यात देवाला ‘दाऊ’ आहे खरं, पण देव सैतानालाही ‘दाऊ’च म्हणतो, अनुवादकांनी फक्त मूळ भाषांतलं एकवचन राखलं. पुढे शब्द बोलण्यातून गेला, प्रार्थनेत राहिला आणि सोवळा झाला. विठोबाला ‘तू’ म्हणणाऱ्यांना खरं तर हे कळायला अवघड जाऊ नये.

म्हणजे इंग्रजीनं टाकलं ते ‘तू’. उरलं ते ‘तुम्ही’. म्हणून तर एकट्या माणसालाही ‘यू आर’. साहेब कुत्र्यालासुद्धा अहो-जाहो करतो!

दुकानांच्या पाट्यांवरच्या ‘यी ओल्ड’मधला ‘यी’ मात्र यातला नव्हे. तो निव्वळ ‘द’. ‘थॉर्न’ नावाचं जुनं अक्षर हस्ताक्षरात ‘वाय’सारखं दिसू लागलं, एवढंच.

यॉर्कशरच्या बोलीत मात्र ‘दाऊ’ ‘दा’ होऊन टिकला. तिथंही आगाऊ पोरानं मोठ्याला ‘दा’ म्हटलं, की ‘अरे-तुरे करायचं तर स्वतःला कर’ अशा अर्थाची म्हण ठेवणीत असते.