सारंगखेड्यात घोडी घेताय? आधी नाक बघा!

वरातीच्या घोडीचा किंवा बग्गीचा धंदा सुरू करायचा म्हटलं की दत्तजयंतीला आपल्या नंदुरबार जिल्ह्यातला सारंगखेड्याचा घोडेबाजार गाठायचा, हे ठरलेलंच. तिथे तुम्ही चाल बघणार, रंग बघणार, भोवरे तर हमखास बघणार. पण नाकातून चिकट, पिवळसर शेंबूड येतोय का? पायावर गाठी, फुटलेल्या जखमा आहेत का? हे कोण बघतं?

हा ग्लँडर्स असू शकतो. जिवाणूंचा आजार. 2006 मध्ये तो महाराष्ट्रात पुन्हा सापडला होता. घोडा, गाढव, खेचर यांच्याकडून तो माणसालाही होतो. हाताला चीर असेल आणि खरारा करताना तो स्राव लागला, तरी पुरे. माणसाच्या जिवावर बेतू शकतं. आणि लस नाही. ना जनावराला, ना आपल्याला.

धंद्याचं गणित इथेच फिरतं. जनावर बाधित निघालं तर उपचार करत नाहीत, नियमानुसार त्याला दयामरण देतात. सरकारी भरपाई असते, पण लाखाच्या घोडीचे लाख त्यातून परत येत नाहीत.

म्हणून सौद्याआधी रक्ततपासणीचा दाखला मागा. मालक म्हणेल, "अहो, घोडी ठणठणीत आहे!" असेलही, पण काही जनावरं वरून धडधाकट दिसतात आणि आत रोग बाळगतात. दाखला नसेल तर सरकारी पशुवैद्यकांकडून रक्ताचा नमुना पाठवा. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात तपासणी होते. निकाल येईपर्यंत तिची बादली, तोबरा, लगाम सगळं वेगळं. जुन्या घोड्यांशेजारी बांधू नका, आणि तोवर वरातीची सुपारी तर घेऊच नका.