चंदी, खरारा आणि घरचं पत्र

मलकापूर आणि नांदुरा यांच्या मधे, मुंबई–कोलकाता महामार्गावर वडनेर भोलजी आहे. चहूकडे कपाशीची काळी जमीन. या जमिनीच्या शेतसाऱ्यावर एकेकाळी घोडदळ पोसलं गेलं, ही गोष्ट आता गावात कोणाच्या बोलण्यात येत नाही. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवला, तो हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी. १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांवर तो कायमचा पट्ट्याने घेतला गेला आणि पुढच्याच वर्षी कंटिंजंटचे रिसाले हिंदी लष्करात सामील झाले. त्यांतला एक विसावा डेक्कन हॉर्स, दुसरा एकोणतिसावा लान्सर्स. पहिल्या महायुद्धात हे दोन्ही रिसाले फ्रान्सला गेले. दख्खनी मुसलमान, शीख, जाट असे त्यांतले सवार होते. वऱ्हाडातल्या कुणब्याने त्या रिसाल्यांसाठी सारा भरला होता, म्हणून त्या सवारांचं युद्ध समजून घेणं मला आपलंच काम वाटतं.

सवाराचं युद्ध म्हटलं की भाला आणि धाव डोळ्यांपुढे येते. खरं युद्ध तबेल्यात चालायचं. त्याची कल्पना मला आमच्याच भागात लग्नाच्या वरातीला घोडी देणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे बसून आली. दिवस उजाडायच्या आत त्याचं काम सुरू होतं. आधी तो घोडीच्या चारही पायांवरून हात फिरवतो. कुठे सूज, कुठे ऊन लागतं का ते पाहतो. मग एकेक खूर उचलून आकड्याने माती, खडे काढतो, नाल हलते का ते अंगठ्याने दाबून बघतो. त्यानंतर मानेपासून मागे खरारा. खोगिराच्या जागी हात हलका होतो, कारण तिथे सोललं की घोडी आठवडाभर कामातून गेली. "आधी पाणी पाजाचं, मंग चंदी द्याची," तो सांगतो. भरल्या पोटी पाणी पाजलं तर पोटशूळ उठायची भीती. तोबरा चढवल्यावरही तो हलत नाही. घोडी नीट चावते की दाणे सांडते, हे बघत उभा राहतो. "जनावर बोलत नाही भाऊ, त्याचे पायच बोलते."

एका घोडीमागे त्याची सकाळ जाते. फ्रान्समधल्या सवाराला हेच काम दिवसातून अनेकदा करायचं होतं, तेही उघड्यावर बांधलेल्या रांगेत, घोट्यापर्यंत चिखलात, वऱ्हाडात कधी न पाहिलेल्या थंडीत. पाय सतत ओले राहिले की खुरांवरची कातडी फाटायची. शिवाय शिलेदारी पद्धतीत सवार घोड्यासाठी स्वतःची रक्कम गुंतवून भरती होत असे. घोडा गेला तर जीव लावलेलं जनावर जायचंच, वर घरच्या पुंजीचाही प्रश्न उभा राहायचा. या युद्धाच्या खर्चापुढे ती पद्धत टिकली नाही आणि लढाई संपल्यावर थोड्याच काळात ती मोडीत निघाली.

घोडदळाला वाट होती ती शत्रूच्या फळीला भगदाड पडण्याची. ते पडत नव्हतं. तारांची कुंपणं आणि मशीनगन यांच्यापुढे घोडा चालत नाही. म्हणून सवारांना पायउतार करून खंदकात पाठवत. चार घोड्यांमागे एक माणूस मागे थांबे, बाकीचे बंदूक घेऊन पुढे. १४ जुलै १९१६ च्या संध्याकाळी सॉमच्या रणभूमीवर, हाय वूड नावाच्या रानाजवळ डेक्कन हॉर्सला संधी मिळाली. उभ्या पिकातून भाले रोखून त्यांनी दौड केली, पिकात दडलेल्या जर्मन सैनिकांना गाठलं, आणि रात्र सरायच्या आत त्यांना मागे बोलावलं गेलं. वर्षानुवर्षांच्या तयारीच्या वाट्याला ती एक संध्याकाळ आली. हिंदी पायदळाचा मोठा भाग १९१५ च्या अखेरीस फ्रान्समधून इराककडे हलवला गेला. घोडदळ मात्र १९१८ च्या सुरुवातीपर्यंत तिथेच राहिलं आणि मग पॅलेस्टाइनच्या मोहिमेवर गेलं.

एवढ्या काळात घराशी नातं राहिलं ते कागदावर. १९१५ मध्ये फ्रान्समधून हिंदी सैनिकांची आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रं निघत होती. पुष्कळ सवारांना लिहिता येत नव्हतं. रिसाल्यातला एखादा लिहिता माणूस दोघाचौघांत बसून मजकूर उतरवून घ्यायचा. गावी पोचल्यावर तेच पत्र मास्तर किंवा पोस्टमन सगळ्यांसमोर वाचून दाखवायचा. बायकोला लिहिलेला शब्दही असा चार कानांतून जायचा. त्यात सरकारचे कान वेगळे. रिसाल्यातला अधिकारी पत्र तपासे, शिवाय फ्रान्समधल्या बुलोनच्या सेन्सॉर कचेरीत हॉवेल नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली ती उघडून वाचली जात. उर्दू, गुरुमुखी, हिंदी, मराठी अशा पत्रांतले निवडक उतारे इंग्रजीत करून अहवालात जात.

सैनिकांना हे ठाऊक होतं. म्हणून हिंदी शिपायांना काळी मिरी आणि गोऱ्यांना लाल मिरी म्हणायचं. काळी मिरी संपत आली, असं लिहिलं की घरी समजायचं, धाकट्याला भरती होऊ द्यायचं नाही. उरलेल्या जागेत शेत, कर्ज, गुरंढोरं, मुलांची खुशाली. फ्रेंच खेड्यांत मुक्कामाला राहिलेल्या सवारांनी तिथल्या म्हाताऱ्या आयांनी केलेली माया लिहिली. बाया एकट्याने शेती ओढतात, हिशोब ठेवतात हे लिहिलं. आणि काहींनी कळवलं की आपल्या मुलींनाही शाळेत घाला. घोडा राखणाऱ्या माणसाच्या मनात चाललेला हा बदल कुठल्याही युद्धाच्या इतिहासाइतकाच मोलाचा आहे.

आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत ते सेन्सॉरच्या अहवालातले इंग्रजी उतारे. तपासून झालेलं मूळ पत्र बहुतेक वेळा पुढे गावीच जायचं. म्हणजे सवाराची स्वतःची भाषा, त्याचं अक्षर किंवा लिहून देणाऱ्याचं अक्षर, हे सापडलं तर घरांतच सापडेल. हे फक्त त्या एका युद्धाचं नाही. डेक्कन हॉर्स आता रणगाड्यांवर आहे, १९६५ मध्ये पाकिस्तानविरुद्ध असल उत्तरला लढला आहे. पासष्टच्या आणि एकाहत्तरच्या लढाईत गेलेल्यांची आंतर्देशीय पत्रं आपल्याकडच्या घरांत असू शकतात. मोबाइल आल्यापासून नवी पत्रं येणं थांबलं. जी आहेत तीच उरणार.

म्हणून वडनेर, नांदुरा, मलकापूर, खामगावच्या वाचकांना विनंती आहे. घरात कोणी लष्करात होतं तर जुन्या ट्रंका उघडा. पत्र सापडलं तर पाकीट फेकू नका, त्यावरचा शिक्का हाच त्या पत्राचा पत्ता असतो. लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका; दोन्ही बाजूंचे फोटो काढा, आणि कोणी कोणाला लिहिलं ते घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारून आजच टिपून ठेवा. नागपूरच्या पुराभिलेखागारात किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागात विचारणा करून एक प्रत सुरक्षित ठेवा. सरकारने वाचलेला मजकूर जपला गेला. घरच्यांसाठी लिहिलेला मजकूर जपणं हे घरच्यांचंच काम आहे.