कर सवयीवर की गरजेवर?

प्रदूषणावर कर लावावा, ही कल्पना आर्थर पिगू या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९२० मध्येच मांडली. पण वस्तू महागली की माणूस ती सोडतोच, हे गृहीतक मला नेहमी अर्धवट वाटत आले आहे. तो ती का वापरतो, हे आधी पाहायला नको का?

आयर्लंडने ते पाहिले. मार्च २००२ मध्ये तेथे दुकानातल्या प्लास्टिक पिशवीवर १५ सेंट कर आला. पिशवीसाठी लोक सरासरी जास्तीत जास्त किती मोजायला तयार आहेत, याची पाहणी आधी झाली होती. कर त्याच्या सहापट होता. शिवाय तो दुकानदाराने सोसायचा नाही, ग्राहकाकडूनच घ्यायचा आणि पावतीवर वेगळा दाखवायचा, असा नियम केला. फुकटच्या पिशवीकडे हात आपसूक जातो. तो हात क्षणभर थांबवायचा होता. माणशी वर्षाला सुमारे ३२८ पिशव्या लागत, त्या २१ वर आल्या. पुढे पैसे मोजण्याचीही सवय जडली, वापर पुन्हा वाढू लागला, तेव्हा २००७ मध्ये कर २२ सेंट करावा लागला.

फ्रान्समध्ये नेमके उलटे घडले. इंधनावरचा कर वाढणार म्हणून नोव्हेंबर २०१८ मध्ये पिवळी जाकिटे घातलेले लोक रस्त्यावर उतरले. त्यांतले बरेच जण शहरांपासून दूर राहणारे होते. कामावर जायचे तर मोटार हवीच आणि डिझेलवर वर्षानुवर्षे कमी कर ठेवून सरकारनेच त्यांना डिझेलच्या गाड्यांची गोडी लावलेली. डिसेंबरमध्ये सरकारला नियोजित करवाढ मागे घ्यावी लागली. पिशवीला पर्याय घरात होता. मोटारीला पर्याय गावात नव्हता.

आपल्याकडे ओढा करापेक्षा बंदीकडे. महाराष्ट्राने २०१८ मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातली, तरी मंडईत कोथिंबिरीची जुडी आजही न मागता पातळ पिशवीतून माझ्या हाती येते. दंडाची भीती भाजीवाल्या मावशींना. सवय मात्र माझी. त्या पिशवीचे पाच रुपये माझ्याच खिशातून जाऊ लागले, तर घरातल्या खुंटीवरची कापडी पिशवी मला नक्की आठवेल. पण ज्या गावाला दिवसातून एकच एस.टी. जाते, तिथल्या दुचाकीच्या पेट्रोलला हा न्याय लावू नये. तिथे आधी दुसरी एस.टी. सुरू करावी, कराचे मग पाहता येईल.