चोक ओढला की चालते

आमच्या गोंदियात ‘लॉन’ म्हटलं की गवत आठवत नाही, लग्न आठवतं. शहराबाहेर पडलं की रस्त्याच्या कडेला कमानी दिसू लागतात. आत स्टेज, मागे भटारखाना आणि मधे हिरवळ. पावसाळाभर तिकडे कुणी फिरकत नाही आणि गवत गुडघ्याला लागतं. तुळशीचं लग्न झालं की लग्नांच्या तारखा सुरू होतात, म्हणून ते जवळ आलं की मालकांची धांदल उडते. नेमकी तेव्हाच भारी धानाची कापणी असते. विळा धरणारे सगळे हात बांध्यांमध्ये गुंतलेले असतात, त्यामुळे गवताला मजूर मिळत नाही. मग कोपऱ्यात पडलेली गवत कापायची मशीन बाहेर निघते.

माझ्या मावसभावाच्या लॉनवरची अशीच एक मशीन ऐन कार्तिकात अडून बसली. दोरी ओढली की सुरू व्हायची आणि चोक ओढलेला असेपर्यंत चालायची. चोक बंद केला की आवाज वर-खाली होऊ लागायचा. पातं गवतात शिरलं की संपलंच. भावाने दोन दिवसांत प्लग नवा घातला, ऑइल बदललं, कार्बोरेटरवर दिसेल तो स्क्रू पिळला. एका जाणत्याने तर ‘पिस्टन गेला’ असं सांगून टाकलं. शेवटी मशीन ऑटोत घातली आणि आम्ही मिस्त्रीकडे गेलो.

टिनाच्या शेडखाली फवारणीचे पंप, धुऱ्यावरचं गवत कापणारे ग्रास कटर, बोडीतून पाणी उपसणारी इंजिनं ओळीने ठेवलेली. धानपट्ट्यातला मिस्त्री हिरवळीच्या मशिनी क्वचितच पाहतो. पण छोटं पेट्रोल इंजिन त्याला घरच्यासारखं. त्याने पाना हातात घेतलाच नाही. आधी विचारलं, “कशावर आदळली का जी?”

प्रश्न साधा वाटला, पण त्यामागे कारण होतं. लॉनच्या गवतात मंडपाच्या लोखंडी खुंट्या राहून जातात. पातं त्यावर आपटलं, तर फ्लायव्हील जागेवर धरणारी छोटी चावी कातरली जाते. ती मुद्दाम मऊ धातूची केलेली असते. क्रँकशाफ्ट वाकण्याऐवजी तिने तुटावं म्हणून. पण चावी सरकली की ठिणगी भलत्या वेळी पडते. मग दोरी हाताला झटका देते आणि इंजिन फटफट करतं. आमचं उत्तर ‘नाही’ होतं. एक शक्यता पाना न लावताच गेली.

मग त्याने मशीन सुरू केली. चोक पूर्ण बंद केला, आवाज हेलकावू लागला. अर्धा ओढला, आवाज एका सुरात आला. असं दोनदा केलं. “पेट्रोल कमी पडून राहिलं हिले. प्लगचं काम नाही हे.”

चोक हवेची वाट अडवतो, म्हणून पेट्रोलचं प्रमाण वाढतं. हवा अडवल्यावर इंजिन सुधारत असेल, तर दुखणं पेट्रोलच्या वाटेवर आहे. हेलकाव्यांचा उलगडाही त्यातच होता. वेग घसरला की तो सांभाळणारा गव्हर्नर झडप उघडतो, वेग उसळला की मिटतो. उपाशी इंजिनाला सांभाळताना त्याची ही उघडझाप चालूच राहते.

टाकीतलं पेट्रोल त्याने काचेच्या बाटलीत काढलं आणि उजेडात धरलं. वर पिवळसर पेट्रोल, तळाशी बोटभर गढूळ थर. हे पेट्रोल जुलैत आणलेलं, सैल झाकणाच्या डबकीत ठेवलेलं. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते उसापासून बनतं, तसं मक्यापासून आणि तांदळाच्या तुकड्यापासूनही. म्हणजे आमच्या गिरण्यांतली कणी अशी टाकीतही उतरू शकते. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी मर्यादेबाहेर गेलं की दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. इंजिनाला जाणारी नळी तळालाच असते.

प्लगची वायर काढून बाजूला ठेवल्यावरच त्याने कार्बोरेटरखालची वाटी सोडवली. आत पांढरी भुकटी आणि कडेला तपकिरी चिकटा. मुख्य जेट काढून त्याने डोळ्यासमोर धरलं, मग माझ्या हातात दिलं. पितळेचा इवलासा स्क्रू. मधलं छिद्र एक मिलिमीटरहूनही बारीक. त्यातून आभाळ दिसायला हवं होतं, दिसला फक्त एका बाजूला चंद्रकोरीएवढा उजेड. जुन्या वायरमधला तांब्याचा एक केस काढून त्याने छिद्रातून अलगद फिरवला. “पोलादी तार घातली का छेद मोठा होते, मंग पेट्रोल जास्त पिते.” जेट धुतलं, फुंकलं, पुन्हा उजेडात धरलं. या वेळी पूर्ण गोल आभाळ दिसलं.

ताजं पेट्रोल घातलं. चोक बंद करूनही इंजिन शांत चाललं. भाऊ पैसे काढू लागला. मिस्त्री म्हणाला, “थांबा, गवतात तर जाऊ द्या.” शेडमागच्या गवतात मशीन दहा मिनिटं छान चालली आणि मग हळूहळू दम सोडत बंद पडली. भावाच्या तोंडावर पुन्हा पिस्टन दिसू लागला.

मिस्त्रीने काही न बोलता टाकीचं झाकण फिरवलं. ‘स्स्’ असा आवाज आला. दोरी ओढताच मशीन पुन्हा सुरू.

झाकणातलं हवेचं छिद्र गवताच्या भुशाने आणि तेलकट धुळीने बुजलं होतं. पेट्रोल खाली उतरायचं तर त्याच्या जागी हवा आत यायला हवी. ती न आल्याने टाकीत ओढ तयार व्हायची आणि धार थांबायची. म्हणजे दोष दोन होते. पहिला पुरता निस्तरल्याशिवाय दुसरा दिसणारच नव्हता. आमच्यासारखं प्लग, ऑइल, स्क्रू एकदम बदललं असतं, तर कशाने फरक पडला हे कधीच कळलं नसतं. त्याने एका वेळी एकच गोष्ट केली आणि दर वेळी मशीनला उत्तर द्यायला वेळ दिला.

सुईने छिद्र मोकळं झालं. स्क्रू मूळ जागी आणायला मात्र अर्धा तास गेला. ते काम आम्हीच वाढवून ठेवलेलं.

मशीन महिनाभर बंद राहणार असेल, तर टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवा, म्हणजे वाटीतलं पेट्रोलही संपेल. आणि बंद पडलीच, तर स्क्रूला हात लावण्याआधी झाकण सैल करून पाहा.