हजार बिड्या आणि एक छाट

मैत्रिणींनो, बिडी कधी हातात घेऊन नीट पाहिलीय? ओढायला नाही म्हणत मी, नुसती पाहायला. बोटभर लांब, एकीकडे निमुळती, दुसरीकडे जरा जाड आणि वर रंगीत दोऱ्याचे वेढे. आपल्या भंडारा जिल्ह्यात, आणि १ मे १९९९ ला वेगळ्या झालेल्या गोंदियात, कितीतरी घरची चूल या बोटभर वस्तूवर पेटत आली. पण ती घडवायला काय लागतं, हे बिडी न बांधणाऱ्या घरातल्या बायकांना ठाऊकच नसतं. बचत गटाच्या कामासाठी अशा ओसऱ्यांवर मी पुष्कळ बसले आहे, म्हणून सांगते.

काम सुरू होतं पानापासून. उन्हाळ्यात जंगलातून तोडून वाळवलेला तेंदूपत्ता, तंबाखू आणि दोरा सट्टेदाराकडून तोलून मिळतो. वाळलेलं पान तसंच वळलं तर तडकतं. म्हणून ते भिजवायचं आणि ओल्या फडक्यात रात्रभर गुंडाळून ठेवायचं. किती भिजवायचं? इथेच नवशिकीची पहिली परीक्षा. कमी भिजलं तर फाटतं, जास्त भिजलं तर बिडीला बुरशी धरते. सकाळी पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कैचीने तुकडे कापायचे, जाड शिरा काढायच्या. पत्ता भोकाभोकांचा निघाला तर पुरत नाही, आणि कमी पडलेला पत्ता बाईलाच पदरच्या पैशाने आणावा लागतो. म्हणजे कमाईच्या आधी खर्च!

मग खरं काम. मांडीवर सूप, सुपात तंबाखू. पानाचा तुकडा डाव्या हातात घ्यायचा, त्यावर चिमूटभर तंबाखू सारखी पसरायची (एका बिडीत पाव ग्रॅमच्या आसपासच असते) आणि एका कोपऱ्यापासून गुंडाळत न्यायचं. दोन्ही हातांचे अंगठे आणि पहिली बोटं एकाच वेळी फिरतात. जाड टोकाच्या कडा आत दुमडायच्या, निमुळत्या टोकाला दोरा. वाचायला सोपं वाटतं. पण नव्या मुलीची बिडी एक तर मधेच फुगते, नाही तर पोकळ राहते. सैल वळली तर तंबाखू गळते, फार आवळली तर ओढच लागत नाही. एका ओसरीवर मावशी नव्या सुनेला म्हणत होत्या, "हलक्या हातानं वळ ना माय, पोळी लाटून रायली का तू?" सून हसली, आणि पुढची बिडी खरंच जरा बरी झाली.

सुरुवातीला दिवसाला दोनशे झाल्या तरी खूप. पुढे हात बसला की घरचं सगळं आवरून आठशे-हजार होतात. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा, असे चाळीस कट्टे झाले की हजार. टीव्ही बघत, लेकराला दटावत हात आपला चालूच. आणि या बाईला विचारा, "काय करता?" तर म्हणेल, "काही नाही जी, घरीच असतो." रिकाम्या वेळचं काम म्हणतात याला. रिकामा वेळ कोणता, तो मला अजून दिसला नाही.

हजार बांधल्या म्हणजे हजारांचे पैसे मिळाले असं मात्र नाही. सट्टेदार कट्टे तपासतो आणि न आवडलेल्या बिड्या बाजूला काढतो. तिला म्हणतात छाट. छाटीचे पैसे नाहीत. नव्या हाताची छाट जास्त निघते हे समजू शकतं, पण वीस वर्षं बांधणाऱ्या बाईचीही निघते. कोणी कशाला बोलेल, पुढच्या आठवड्याचा पत्ता त्याच्याकडूनच घ्यायचा असतो ना! छाट किती काढावी याला मर्यादा घालणारे नियम १९६६ च्या बिडी कामगार कायद्याखाली राज्यांनी केले होते, पण ओसरीपर्यंत ते फारसे पोचले नाहीत.

आणि याच छाटीतून एक मोठी गोष्ट बायकांच्या बाजूने निघाली आहे. बिडी उद्योगाला १९७७ साली भविष्यनिर्वाह निधी, म्हणजे पीएफ लागू झाला. तेव्हा मालकांचं म्हणणं पडलं की घरी बसून बांधणाऱ्या बाया आमच्या कामगारच नाहीत, आमची त्यांच्यावर देखरेख कुठे आहे? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९८५ साली निकाल लागला. कोर्टाने म्हटलं, माल नाकारायचा अधिकार तुमच्याकडे आहे, तीच तुमची देखरेख. म्हणजे ज्या छाटीने बाईचा हजाराचा हिशेब मोडतो, तिच्यामुळेच ती कामगार ठरली. ही गोष्ट मी ओसरीवर सांगितली तेव्हा दोन मिनिटं सगळ्यांचे हात थांबले होते.

या कामाचं मी गुणगान करणार नाही. तंबाखूची धूळ नाकातोंडात जाते, निकोटीन कातडीतूनही अंगात उतरतं. खोकला, पाठ, मान, डोळे, तक्रारी त्याच त्या. झोळीतलं तान्हं तीच हवा घेतं. शिवाय जी वस्तू बांधतो ती कोणाच्या तरी छातीत जाणार, हे या बायांनाही कळतं. कित्येकींच्या घरचाच माणूस बिडीने खोकून बेजार आहे. म्हणून पोरींना हे शिकवू नका, शाळेत राहू द्या, असं मी स्पष्ट सांगते. पण जिची चाळीस वर्षं यात गेली तिला "हे काम वाईट" एवढंच सांगून घरी येणं मला पटत नाही. तिचं जे निघतं ते तिला मिळालं पाहिजे.

मिळू शकतं का? सोलापूरचं बघा. तिथल्या बिडी कामगार बायकांनी संघटना करून वर्षानुवर्षं लढा दिला आणि २००६ साली कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. आपल्याकडे घरं विखुरलेली, गावं लहान, एकजूट अवघड. पण कागद तरी नीट ठेवता येतात.

बऱ्याच घरी पासबुक सासऱ्याच्या किंवा नवऱ्याच्या नावावर आणि बिड्या सुनेच्या हातच्या, असं चालतं. जी बांधते तिचंच नाव चढवायला सांगा. बिडी कामगाराचं ओळखपत्र असेल तर मुलांना केंद्र सरकारची शिष्यवृत्ती मिळू शकते. बिडीवरचा कल्याण उपकर २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर बंद झाला, तरी ही योजना सुरू राहिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि १९६६ चा कायदा त्यांत सामावला. नाव, नोंद आणि कागद मात्र पूर्वीसारखेच लागणार. दर आठवड्याला किती पत्ता आला, किती बिड्या दिल्या आणि छाट किती गेली, हे पोरांच्या जुन्या वहीत लिहून ठेवा. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीकडून लिहून घ्या, तेवढं काम तिला सांगायला हरकत नाही. पीएफमध्ये दहा वर्षं भरली असतील तर अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शन बसते. आधारवरची जन्मतारीख आणि पीएफची तारीख जुळत नसेल तर तोवर थांबू नका, आत्ताच दुरुस्तीचा अर्ज करा.