उबदार पांढऱ्याची पारख

भिंतीला पांढरा रंग द्यावयाचा एवढे ठरले म्हणजे निवड संपली, हा सार्वत्रिक समज रंगाच्या दुकानातील शेड कार्डासमोर उभे राहताच कोसळतो. कारण टायटॅनियम डायऑक्साइडच्या शुभ्र बेसमध्ये पिवळ्या, गेरूच्या वा तांबूस रंगद्रव्याचे अल्प थेंब मिसळून ज्या हस्तिदंती, मोतिया, मलई अशा छटा सिद्ध होतात, त्यांतील भेद कागदी चिठोऱ्यावर जवळजवळ अदृश्य, आणि चार भिंतींत मात्र अत्यंत मुखर असतो.

उत्तरेच्या खिडकीतून येणारा आकाशाचा प्रकाश निळसर, म्हणून तेथे पिवळ्या अंगाची छटा निःशंक घ्यावी. पश्चिमेच्या खोलीत तीच छटा उतरत्या उन्हात लोण्याहून पिवळी भासते, तेव्हा तेथे फिकी छटा मुकर्रर करणे इष्ट. दिव्यांचेही तसेच: २७०० ते ३००० केल्विनचा दिवा तिची ऊब खुलवतो, तर ६५०० केल्विनचा दिवा ती हिरावून घेतो.

नमुना थेट पांढऱ्याफेक पुट्टीवर फासू नये, कारण त्या शेजारामुळे कोणतीही उबदार छटा वास्तवाहून पिवळी दिसते. दोन फुटी पुठ्ठ्यावर दोन हात देऊन, पूर्ण वाळल्यावर, तो शहाबादी फरशीलगत व सागवानी चौकटीशेजारी उभा करावा आणि सकाळी, दुपारी, दिवे लागल्यावर न्याहाळावा. मगच खातरजमा होते. छताबद्दल माझी आग्रहाची शिफारस अशी, की तेथेही तीच छटा द्यावी, कारण शुभ्र छताखाली उबदार भिंत विनाकारण मळकट वाटते.