फोनवरचा निरोप आणि मुलाची अक्षरओळख

मूल शाळेत जायला लागले म्हणजे त्याचे शिकणे सुरू झाले, असे आपण समजतो. खरे पाहता ते त्याच्या फार आधी सुरू झालेले असते. आई बोलते, मूल ऐकते. आजी गोष्ट सांगते, मूल 'मग?' म्हणून विचारते. वाचायला शिकण्यापूर्वी मुलाजवळ शब्दांचा साठा व्हावा लागतो. शब्दांतले आवाज त्याच्या कानाला वेगवेगळे कळावे लागतात. हा साठा बराचसा घरीच होतो.

आईबापांना हे पटत नाही असे नाही. अडचण निराळीच आहे. दिवसभर कामाची घाई. संध्याकाळी जीव दमून जातो. 'उद्या बघू' म्हणता म्हणता वर्ष निघून जाते. शिवाय 'मुलाकडे लक्ष द्या' असे सगळेच सांगतात. पण लक्ष द्यायचे म्हणजे नेमके काय करायचे, ते कोण सांगतो?

या अडचणीवर अमेरिकेत एक साधा उपाय करून पाहण्यात आला. तो कसा होता ते पाहू या.

सॅन फ्रान्सिस्को हे तिकडचे एक मोठे शहर. तेथे २०१३-१४ या शाळेच्या वर्षात बेंजामिन यॉर्क आणि सुझाना लोब या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या अभ्यासकांनी हा प्रयोग केला. चार वर्षांची मुले असलेली सुमारे ४४० कुटुंबे त्यात होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटातल्या आईबापांच्या मोबाइलवर आठवड्याला तीन लहान निरोप, म्हणजे मेसेज, येऊ लागले. हे सुमारे आठ महिने चालले. दुसऱ्या गटालाही निरोप जात. पण ते शाळेत नाव घालणे, लस टोचणे अशा कामांचे, आणि कधीमधी. दोन गट कशासाठी? फरक पडला तर तो निरोपांमुळेच पडला, हे कळावे म्हणून.

तीन निरोपांची तीन कामे होती. पहिला निरोप एखादी गोष्ट का महत्त्वाची आहे ते सांगे. उदाहरणार्थ, अक्षरे ओळखता आली की वाचणे सोपे जाते. दुसरा निरोप करायचे काम सांगे. मुलाला आंघोळ घालता ना? मग तिथल्या बाटलीवरची अक्षरे त्याला दाखवा, दोघे मिळून त्यांची नावे घ्या. तिसरा निरोप पाठीवर थाप देई आणि एक पाऊल पुढे नेई. अक्षराचे नाव झाले, आता त्याचा आवाज विचारा.

यातली खुबी ध्यानात घ्या. निरोपाने आईबापांकडे वेगळा वेळ मागितला नाही. आंघोळ तर रोज घालायचीच आहे. त्याच वेळात दोन मिनिटांचे शिकणे बसवून दिले. आणि आठवण पुन्हा पुन्हा येत राहिली, म्हणून 'उद्या बघू' मागे पडले.

फळ काय मिळाले? पहिल्या गटातले आईबाप मुलांना गोष्टी सांगणे, शब्दांचे खेळ खेळणे अशा गोष्टी अधिक करू लागले. ते शिक्षकांकडे मुलाची चौकशीही अधिक करू लागले. त्यांची मुले अक्षरे आणि त्यांचे आवाज ओळखण्यात दुसऱ्या गटाच्या पुढे गेली. सगळ्याच बाबतीत गेली असे नाही, पण काही बाबतीत नक्की गेली.

मग निरोप वाढवले तर जास्त फायदा होईल का? तेही पुढे तपासले. आठवड्याला एकच निरोप आईबापांना पुरेसा झाला नाही. पाच पाठवले, तर तेही तिनांपेक्षा कमीच पडले. रोपाला पाणी घालण्यासारखेच हे आहे. कमी झाले तर रोप सुकते, जास्त झाले तर मुळे कुजतात.

आपल्याकडेही हा विचार परका नाही. १९४५ साली ठाणे जिल्ह्यात (आता पालघर) बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गावातल्या लहान मुलांसाठी बालवाडीचे काम सुरू केले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच मुलांच्या अंगणात न्यायची, अशी त्यांची रीत होती. तिकडच्या प्रयोगात तीच शाळा आईबापांच्या हातात आली, एवढेच.

पुष्कळ माउल्या म्हणतात, 'आम्हीच आत्ता कुठं अक्षरं गिरवतोय, आम्ही पोराला काय शिकवणार?' पण आवाज ओळखायला पाटी लागत नाही. भाजी चिरताना पोराला विचारा, कांदा, काकडी, कात्री, या सगळ्यांच्या सुरुवातीला कोणता आवाज येतो? 'का' म्हणाला, की शाबास म्हणा. दुसऱ्या दिवशी कागदावर 'का' काढून दाखवा. एस.टी.च्या पाटीवर, दुकानाच्या फळीवर ते अक्षर दोघे मिळून हुडका. चिऊकाऊची गोष्ट सांगताना मध्येच थांबा आणि 'पुढं काय झालं?' असे त्याला विचारा. आपल्याच बोलीत बोला. जी भाषा आपल्या तोंडात बसली आहे, तिच्यात शब्दांना तोटा नसतो.

एक मात्र सांभाळा. निरोप आईबापांसाठी आहे. फोन मुलाच्या हातात देऊन आपण बाजूला झालो, तर सगळे फुकट. मुलाला शिकवतो तो फोन नव्हे, आपले बोलणे.

आणि असा निरोप कोणी पाठवील म्हणून वाट कशाला पाहायची? आपल्याला आता लिहिता येते. वर्गातल्या चार जणींनी ठरवावे. आठवड्याला तीन निरोप, दोन-दोन ओळींचे, एकमेकींना पाठवायचे. ज्या घरी फोन नसेल तिथे चिठ्ठी द्यावी. पहिला निरोप आज असा लिहून पाहा:

'ताई, आज भाकरी करताना पोराला विचार, भाकरी आणि भात, सुरुवातीचा आवाज कोणता? उद्या मला कळव.'

थेंबे थेंबे तळे साचे. मुलाचे वाचन असेच साचते. आणि निरोप लिहिता लिहिता आपलाही हात वळणावर येतो.